जयवंतीचा अंगठा

जयवंतीचा अंगठा कुठलंच मशीन ओळखत नाही. पाम गावच्या रेशन दुकानात दर महिन्याला हा तमाशा ठरलेला. दुकानदार पुंडलिक मशीन पुढे सरकवतो, जयवंती अंगठा पदराला पुसून टेकवते आणि मशीन लाल दिवा दाखवतं. मग ती अंगठ्यावर फुंकर मारते, केसांत घासून त्याला थोडं तेल लावते, पुन्हा टेकवते. पुन्हा लाल. "वहिनी खरीच हाय ना रे, का नुसता फोटो?" रांगेतून कोणीतरी विचारतं आणि सगळे हसतात. जयवंतीही हसते, कारण न हसून करणार काय! शेवटी मागे उभी असलेली तिची मुलगी मेघाली पुढे येते, अंगठा लावते, हिरवा दिवा लागतो आणि तांदूळ मिळतो. आई खरी आहे हे असं दर महिन्याला लेकीच्या अंगठ्यावरून सिद्ध होतं.

हा अंगठा गेला कुठे, तर कंपनीत. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत जयवंती अकरा वर्षं पॅकिंगला आहे, अर्थातच ठेकेदारातर्फे. तिथे जी पांढरी, हलकी, नाकात गेली की शिंकांवर शिंका काढणारी पावडर बनते, तिचं नाव सॅलिसिलिक अ‍ॅसिड. एवढं लांब नाव घेत बसायला पॅकिंगच्या बायकांना वेळ नाही. त्या तिला नुसतं 'सॅली' म्हणतात. "आज सॅलीचे चाळीस ड्रम हायेत," असं त्या एकमेकींना सांगतात, तेव्हा नव्या माणसाला वाटावं की वसईची कोणी मैत्रीण माहेरी आली आहे.

सॅलीची एक खोड होती. हातमोजे घाला नाहीतर नका घालू, घामाबरोबर ती आत शिरायची आणि बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडायची. मग भिजवलेल्या वालाचं साल निघावं तशी ती अलगद निघून यायची. खालून नवी, गुलाबी, गुळगुळीत कातडी. ती जुनी होते न होते तोच तिचीही पाळी. पहिल्या वर्षी जयवंती घाबरली होती. तेव्हा तिच्याबरोबर ड्रम भरणारी झुंबर म्हणाली होती, "पार्लरवाल्या याचे पैशे घेतात, जयवंते. आपल्याला फुकटात." तेव्हापासून जयवंतीने सॅलीला नावं ठेवणं सोडलं. मशीन अंगठा ओळखत नाही तर नाही, पण बोटं कशी सोळा वर्षांच्या मुलीसारखी मऊ राहिली आहेत, असं ती नवऱ्याला, बळवंतला, दाखवायची. बळवंत पामला थोड्या जागेत मिरची आणि वाल लावतो. त्याने आयुष्यात कोणाचीही बोटं निरखून पाहिलेली नाहीत. तो "हं" म्हणायचा.

बोटं सोळा वर्षांची आईची, आणि एकोणीस वर्षांच्या लेकीचा चेहरा मात्र पुटकुळ्यांनी भरलेला. मेघालीची कातडी पहिल्यापासून तेलकट. सकाळी धुतलेलं तोंड दुपारपर्यंत असं चमकायचं की बळवंत म्हणायचा, भजी तळायची का हिच्या कपाळावर. दहावीपासून पुटकुळ्या सुरू झाल्या, आधी कपाळावर, मग गालांवर, मग हनुवटीवर मोठाल्या, दुखऱ्या. कडुनिंबाचा पाला झाला, मुलतानी माती झाली, चंदन झालं, कोणी सांगितलं म्हणून टूथपेस्टसुद्धा झाली. पोरगी पालघरला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती. स्कूटीवर बसणाऱ्या मुली तोंडाला ओढणी बांधतात तशी तीही बांधायची, फक्त बाकीच्या कॉलेजात पोचल्यावर सोडायच्या आणि ही सोडायची नाही. डबा खाणंही तिने बंद केलं होतं. डबा खायचा म्हणजे ओढणी सोडायला हवी. हे जयवंतीला कळलं ते सलग चार दिवस भाकरी तशीच परत आली तेव्हा.

तरीही जयवंती गप्प राहिली असती. वयाबरोबर जातं हे सगळं, असं तीच मेघालीला सांगायची. पण माघात केळव्याला नणंदेच्या, म्हणजे वत्सलाच्या, मुलाची हळद होती. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद लग्नाच्या पोरींना लावतात. लवकर लग्न ठरतं म्हणे. मांडवात पोरींची रांग झाली. वत्सला वाटी घेऊन एकेकीच्या दोन्ही गालांना हळद फासत आली, आणि मेघालीसमोर थांबली. "हिच्या तोंडाला नको बाय," ती मोठ्याने म्हणाली, "काय पू-बिऊ निघायचा. हात कर पुढं." मेघालीने हात पुढे केला. वत्सलाने तिच्या मनगटाला हळदीचं बोट लावलं आणि ते बोट लगेच पदराला पुसलं.

ते पुसलेलं बोट जयवंतीने पाहिलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नणंदेच्या मांडवात भावजयीने बोलायचं नसतं. परत येताना रिक्षात मेघाली मनगटावरची हळद नखाने खरवडत होती. माझ्या पोरीचं तोंड मी साफ करून दाखवीन, असं जयवंतीने त्या रिक्षात ठरवलं. खरं सांगायचं तर पुढचं सगळं त्या रिक्षातच घडलं होतं. नंतर फक्त ते अमलात आलं.

हळदीनंतर आठवड्याने मेघालीने ऑनलाइन एक बाटली मागवली. बोटभर उंचीची, काचेची, ड्रॉपरवाली. जयवंती ओट्याशी उभी होती. तिने सहज बाटली उचलली आणि तिचे डोळे मोठे झाले. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पण ती अक्षरं तिने अकरा वर्षं रोज ड्रमांवर चिकटवली होती. गर्दीत आपल्या घरचं माणूस ओळखू यावं तशी तिने ती ओळखली.

"अगं, ही तर आमची सॅली!"

"हो आई, सॅलिसिलिक अ‍ॅसिड. तेलकट चेहऱ्याला हेच सांगतात. छिद्रात जाऊन आतलं तेल मोकळं करतं."

जयवंतीला काय आनंद झाला म्हणून सांगू! अकरा वर्षं आपण शिंका देत जी भरली, ती मुंबईच्या बायका तोंडाला लावतात! तिने बाटली उजेडात धरली. "आणि हा आकडा कसला गं? दोन?"

"दोन टक्के."

"म्हंजे?"

"म्हणजे शंभर भागांत दोन भाग अ‍ॅसिड. बाकीचं पाणी आणि इतर."

जयवंतीचा आनंद तिथेच आटला. ड्रमवर किती टक्के लिहितात ते तिला पाठ होतं. साडेनव्व्याण्णव. अर्धा टक्का कमी भरला तर लॅबवाले अख्खा लॉट परत पाठवत. आणि इथे हे लोक दोन भाग सॅली घालून अठ्ठ्याण्णव भाग पाणी विकतात? दुधात पाणी घालणारा गवळी तरी बिचारा लाजतो, यांनी तर बाटलीवर छापलं आहे!

"मी आणून देते तुला खरी," ती म्हणाली.

मेघाली हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदा हसली होती. "आई, असं नसतं. दोन टक्केच पुरतं. एक दिवसाआड एकदोन थेंब, वर क्रीम, उन्हात जाताना सनस्क्रीन. दोन-तीन महिने वाट बघायची."

तीन आठवडे जयवंतीने वाट पाहिली. रोज संध्याकाळी पोरगी तोंड धुऊन आली की ती तिचा चेहरा बघायची. खरं तर फरक पडू लागला होता. नव्या पुटकुळ्या कमी येत होत्या, नाकावरचे काळे ठिपके विरळ झाले होते. पण जयवंतीला गाल दिसत होते, आणि गाल तसेच होते. चैत्रात वत्सलाकडे पूजा होती. तोवर तिला चेहरा हवा होता.

सॅली कंपनीबाहेर आणणं अवघड नव्हतं, आणि जयवंतीच्या लेखी ती चोरीही नव्हती. मोठ्या गोण्यांतला माल ड्रममध्ये भरताना गोणीच्या आतली जाड प्लॅस्टिकची पिशवी रिकामी होते. या पिशव्या बायका घरी नेतात. नियम नाही, पण सुपरवायझर बघत नाही आणि गेटवरची बाई विचारत नाही. पामची निम्मी लाकडं, पेंढा आणि मोरीची छपरं या प्लॅस्टिकने झाकलेली आहेत. एरवी बायका पिशवी कंपनीच्या नळावर धुऊन घेतात. त्या दिवशी जयवंतीने एक न धुता घडी केली. घरी येऊन कोपरे झटकले तर मूठभर पावडर निघाली.

तिने घिसाडघाई केली असं कोणी म्हणू नये. लॅबमधला ज्ञानेश नमुना न्यायला आला तेव्हा तिने विचारून ठेवलं होतं, "साहेब, ही पाण्यात का नाय हो विरघळत?" तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला होता, "स्पिरिटमध्ये विरघळते, मावशी." म्हणून तिने मेडिकलमधून स्पिरिट आणलं. पावडर त्यात ढवळून पाण्यासारखी निवळ केली. आणि पोरीच्या तोंडाला लावायच्या आधी तिने ते स्वतःच्या हातावर लावून पाहिलं. आधी तळव्यावर, मग पाचही बोटांना. भात शिजून वालाचं बिरडं होईपर्यंत तशीच राहिली. आग नाही, खाज नाही, काही नाही. मग तिने मेघालीची बाटली अर्धी रिकामी केली, वर आपलं सॅलीचं पाणी भरलं, हलवली आणि होती तिथे ठेवून दिली. आपण काहीतरी चांगलं केलं याचं समाधान तिला संध्याकाळभर पुरलं.

"आज जास्त चुरचुरतंय," मेघाली म्हणाली. "आणि वास बघ, इंजेक्शन देताना येतो तसा."

"उन्हानं आला असंल. चुरचुरतंय म्हंजे लागू पडतंय."

दुसऱ्या दिवशी गाल लाल झाले. सुरुवातीला वाढतं आणि मग उतरतं असं मेघालीने कुठेतरी वाचलं होतं, त्यावर तिने स्वतःची समजूत घातली. जयवंतीने पाहिलं की गालांवर जागोजाग कातडी पांढरी पडून सुटते आहे, आणि तिचा जीव भांड्यात पडला. ही गोष्ट तिच्या ओळखीची होती. "निघू दे," ती म्हणाली, "खालून नवीन येते." मेघालीने तिसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, या वेळी जरा जास्तच.

चौथ्या दिवशी सकाळी तिने आईला हाक मारली ती मोरीतून. जयवंती धावली. मेघाली आरशासमोर उभी होती. गाल सुजले होते, डोळे बारीक झाले होते. हनुवटीवर आणि दोन्ही गालांवर कातडी निघून खाली ओलं, लालभडक दिसत होतं. जयवंतीच्या बोटांवर सालाखालून जी गुलाबी कातडी यायची, तिचा तिथे पत्ता नव्हता.

"आई, माझं तोंड जळालं," पोरगी म्हणाली.

जयवंतीने काय करावं? खोबरेल लावलं, थंड पाण्याच्या घड्या ठेवल्या, देवापुढे दिवा लावला. सगळं केलं, एक सोडून. तोंड उघडलं नाही. आधी तिला वाटलं, दोन दिवसांत उतरेल, मग सांगू. दोन दिवसांत खपल्या धरल्या. मग वाटलं, सांगितलं आणि बाहेर फुटलं तर कंपनीतून काढतील, अकरा वर्षं पाण्यात जातील. हेही खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. मेघाली तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती आणि म्हणत होती, "तुझंच ऐकायला पाहिजे होतं आई, वयाबरोबर जातं म्हणून. मला घाई झाली." ते डोकं मांडीवरून उठेल, याची तिला भीती वाटत होती. तिने ती बाटली फेकून द्यायला शोधली. पण बाटलीच्या कंपनीला तक्रार करायची म्हणून मेघालीने ती आपल्या बॅगेत ठेवली होती.

आठवड्याने दोघी पालघरला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेल्या. बाईंनी भिंग लावून चेहरा पाहिला, काय लावलं म्हणून विचारलं आणि मेघालीने बाटली पुढे ठेवली. बाईंनी ती उजेडात धरून हलवली. झाकण उघडून वास घेतला. बाटलीच्या तोंडाशी मिठासारखे पांढरे कण साचले होते. बाईंनी ते टाचणीने खरवडून कागदावर काढले.

"यात तू काय मिसळलंस?"

"काही नाही, मॅडम."

"हे बघ, दोन टक्क्यांनी असं जळत नाही. फार तर कोरडं पडतं, लाल होतं. दोन टक्के म्हणजे फसवणूक नसते, ती मात्रा असते. मी स्वतः इथे जास्त टक्क्यांचं लावते, पण मिनिटं मोजून, रुग्णापासून न हलता. हे कोणीतरी घट्ट केलंय. वर स्पिरिटचा वास येतोय. तू लॅबचा कोर्स करतेस ना? व्हिडिओ बघून घरी प्रयोग?"

"मॅडम, खरंच नाही. आईशप्पथ."

तिने शपथ घेतली आणि शेजारी बसलेल्या आईच्या दंडाला हात लावला. जयवंतीचे दोन्ही हात पदराखाली होते. तिला दोन टक्क्यांचा अर्थ आत्ता, या खुर्चीत कळत होता. आता बोल, ती स्वतःला म्हणाली. डॉक्टरबाई लिहीत होत्या. आता बोल. बाईंनी कागद फाडून दिला. "तुम्ही तरी लक्ष ठेवा हो मुलीवर," त्या जयवंतीला म्हणाल्या. "डाग राहणार. किती, ते सहा महिन्यांनी सांगता येईल. ऊन टाळा. आणि पुढच्या वेळी येताना खरं बोलायचं ठरवून या."

"हो," जयवंती म्हणाली.

परतीच्या रिक्षात उमरोळी गाव मागे पडलं. मेघाली बाहेर बघतच म्हणाली, "आई, तू तरी विश्वास ठेव. मी काय घातलं नाय त्यात."

"ठेवते गं बाय," जयवंती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते जयवंतीलाच ठाऊक. कामावर ती ड्रम भरायची आणि त्यावरची अक्षरं तिच्याकडे बघायची. जेवण तोंडात फिरायचं. मेघालीचं कॉलेज बुडत होतं. तिने तक्रार लिहायला घेतली आणि अर्ध्यावर सोडली. बाटलीवाल्यांनाही डॉक्टरबाईंसारखंच वाटेल, असं ती म्हणाली. मग एके दिवशी भाजी निवडताना ती सहज म्हणाली, "मीच झोपेत काहीतरी घातलं असेल का गं?" जयवंती उठून मागच्या दारी गेली. लाकडं झाकलेल्या प्लॅस्टिकचं टोक वाऱ्याने फडफडत होतं, ते दगडाखाली सरकवत ती उगाच बसून राहिली.

महिना भरला आणि रेशन आलं. जयवंती एकटीच गेली. पोरीला उन्हात कशाला न्यायचं, आज तरी लागेल अंगठा. नाही लागला. तीनदा लाल. "पोरीला बोलाव," पुंडलिक म्हणाला, "नायतर उद्या ये." तेवढ्यात पाहिलं तर मेघाली स्वतःच येत होती. आईचा अंगठा लागणार नाही हे तिच्याएवढं कोणाला माहीत? ओढणी तिने फक्त डोक्यावर घेतली होती, कारण डॉक्टरबाईंनी चेहऱ्याला कापड घासू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. सूज उतरली होती. गालांवर आणि हनुवटीवर तपकिरी, वेडेवाकडे डाग होते. रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. त्या रांगेत झुंबरही होती.

"अगं, तोंडाला काय झालं पोरी?" पुंडलिकने विचारलं. माणूस वाईट नाही, पण आवाज मोठा.

मेघाली खाली बघत म्हणाली, "काय नाय काका. मीच कायतरी लावलं होतं. माझीच चूक."

ती हे थकून म्हणाली, पाठ केल्यासारखं. नाही नाही म्हणून दमलेली पोरगी शेवटी हो म्हणून मोकळी झाली होती. जयवंतीच्या काळजात जे चर्र झालं, ते त्या सकाळी मोरीतही झालं नव्हतं. पोरीचं तोंड तर तिने जाळलंच होतं. आता तिच्या डोळ्यांदेखत पोरगी स्वतःला खोटी म्हणत होती, आणि ती पिशवी धरून उभी होती.

"नाय," ती म्हणाली. मग पुन्हा मोठ्याने म्हणाली, "तिनं नाय. मी. मी कंपनीतली सॅली आणली आणि तिच्या बाटलीत घातली. तिला ठाव पण नाय."

झुंबरने कपाळाला हात लावला. "जयवंते, गप्प बस," ती पुटपुटली. पण आता गप्प बसण्यात काय उरलं होतं! मेघाली वळून आईकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. पुंडलिकने गडबडून मशीन तिच्यापुढे केलं. मेघालीने अंगठा टेकवला, हिरवा दिवा लागला, आणि तांदूळ मापात पडेपर्यंतही न थांबता ती निघून गेली.

तांदळाची पिशवी घेऊन जयवंती घरी आली तेव्हा मेघाली ओटीवर बसली होती. बळवंत शेतावर होता. जयवंती पायरीशीच उभी राहिली. आपल्या घरात जायला परवानगी लागावी असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

"डॉक्टरबाईंकडे शपथ घेतली मी," मेघाली म्हणाली. "तुला हात लावून. तू बसली होतीस."

"व्हय."

"रिक्षात पण विचारलं."

"व्हय." मग ती म्हणाली, कारण एवढं एकच तिच्या बाजूचं होतं, "मी तशीच नाय गं घातली. आधी लावून बघितली होती."

"कोणावर?"

"माझ्या हातावर."

मेघालीने वर पाहिलं. मग तिने हात पुढे करून आईचा हात ओढला आणि उलटा केला. अंगठ्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला, मग एकेक बोटावरून. बोटांवर एकही रेघ नव्हती. कुठे कातडी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चकचकीत, कुठे मेलेली, पांढरी. लॅबच्या कोर्समध्ये रक्त काढायला बोट कसं धरतात तसं तिने ते बोट धरलं आणि टोकावर नख दाबलं. जोरात दाबलं.

"कळतंय?"

"काय?" जयवंतीने विचारलं.

मेघालीने नख आणखी रुतवलं. जयवंती तिच्या तोंडाकडे बघत होती, पोरगी काय विचारते आहे ते तिला समजत नव्हतं.

"या हातावर बघितलंस तू, आई," मेघाली म्हणाली, आणि दुकानात न रडलेली पोरगी आईचं ते बोट धरूनच रडायला लागली. डोळ्यांतलं खारं पाणी डागांवर गेल्यावर तिला झोंबत होतं. ते पुसायला जयवंतीने दुसरा हात उचलला, गालापर्यंत नेला, आणि न लावता मागे घेतला.